रांगेतून उचललेली बाटली

भडका वाढला म्हणून तू स्टोव्हची चावी सैल करून हवा सोडलीस, सगुणा, आणि त्या हवेनंच पेट घेतला. आवाज मोठा नव्हता. कोणी ओली चादर झटकावी, तेवढाच. तुझा पदर, तुझ्या बाह्या, तुझे केस. रवा भाजायची कढई तुझ्या दुसऱ्या हातात होती. ती तू टाकली नाहीस, बाजूला नीट ठेवलीस. पेटलेली बाई कढई नीट ठेवते का? रवा सांडू नये म्हणून? त्या एका क्षणाचा मला अजून राग येतो.

मी खाटेवरची गोधडी ओढली, तुला तिच्यात गुंडाळलं आणि तुझ्या अंगावर पडले. तू ओरडली नाहीस. ओरडत होते ती मी. शेजारची विठाबाई पाण्याचा हंडा घेऊन धावत आली तोवर सगळं होऊन गेलं होतं. सकाळचे आठ वाजले असतील. बाहेर पोरी दप्तरं घेऊन शाळेकडं चालल्या होत्या. नाताळ पाच दिवसांवर होता.

दवाखान्यात तू तीन दिवस काढलेस. आज तुला जाऊन सतरा दिवस झाले.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, मंडळीच्या मासिकात छापायला बहिणीबद्दल काही लिहून द्या. तुझा जन्म कधीचा, तू किती वर्षं शिकवलंस, किती पोरी तुझ्या हाताखालून गेल्या, ते सगळं त्यांनी शाळेच्या दप्तरातून काढून लिहिलं आहे. ते चांगलं आहे. मला ते लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तीन दिवस तुझ्या उशाशी बसून मी ती सांगितली नाही.

ते रॉकेल पोपटशेटच्या दुकानातलं नव्हतं. मी दौंडाहून आणलेलं होतं.

आता राग आला असेल तर येऊ दे. पण सगळं ऐक. मधे बोलायची तुझी सवय आहे, आणि आता तुला बोलता येत नाही, म्हणून तरी ऐक.

आपल्या भांडणाची सुरुवात गेल्या वर्षी झाली. मी राहते त्या दौंडाला रेल्वे आहे, तू राहायचीस त्या शिरूरला नाही. एवढ्याच गोष्टीवरून आपण दोघी वर्षभर भांडलो. रॉकेल मालगाडीच्या टाकीच्या वाघिणीतून दौंडाच्या यार्डात येतं. तिथून शिरूरला ट्रकनं आणावं लागतं. भाव सरकार ठरवतं, दुकानाच्या पाटीवर तो खडूनं लिहिलेला असतो. त्या भावात ट्रकचं भाडं धरलेलं होतं ते कधीच्या काळचं. ट्रकवाले आता त्याच्या दुप्पट मागत होते. पोपटशेटनं अर्ज केला, की नवं भाडं भावात धरू द्या, बाटलीमागं थोडे पैसे वाढवू द्या, नाहीतर मला पिंप आणणं परवडत नाही.

तू त्या अर्जाच्या विरुद्ध शे-दीडशे बायका घेऊन मामलेदार कचेरीवर गेलीस. मी तेव्हा शिरूरलाच होते. तू मलाही ओढून नेलंस. तुझ्या हातात शाळेची घंटा होती, ती तू वाजवत चालली होतीस. कचेरीच्या पायरीवर मामलेदार उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, भाव वर ठरतो, मुंबईला. माझ्या हातात फक्त पाटी आहे."

"मग पाटीला हात लावू नका," तू म्हणालीस.

बायका हसल्या. मीही हसले. तेवढ्यात आप्पांची जीप आली. आप्पा सोसायटीचे चेअरमन, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते तिथल्या बाकावर चढले आणि म्हणाले, की मी आहे तोवर रॉकेल एका पैशानं वाढू देणार न्हाई. टाळ्या झाल्या. तुला त्यांनी 'आमच्या रणरागिणी' म्हटलं. तू लाजलीस. चौपन्न वर्षांची बाई, आणि लाजलीस.

पोपटशेटचा अर्ज फेटाळला. पाटीवरचा भाव तोच राहिला. पिंपं यायची थांबली.

तू दुकानात जाऊन त्याला जाब विचारलास तेव्हा मी पाठीमागं उभी होते. तो गज घेऊन आला, पिंपात घातला, कोरडा काढून तुझ्यासमोर धरला.

"भाव तुमचा राहिला बाई, माल दौंडात राहिला," तो म्हणाला.

"परवान्याप्रमाणं माल उचलणं तुमचं काम आहे."

"उचलतो की. ट्रकाला काय घालू, शेंगदाणे?"

"तुम्ही लपवून विकता."

"लपवायला आधी आणावं लागतं."

बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, तो खोटं बोलत न्हाई. तू तिथंच रस्त्यात थांबलीस. पुढची सगळी भांडणं त्या रस्त्यातूनच निघाली. मी म्हणत होते, माणसाला परवडत नसंल तर तो आणणार कसा, वाढू दे थोडा भाव, माल तरी येईल. तू म्हणत होतीस, आज थोडा वाढला की उद्या जास्त वाढतो, आणि विठाबाईला आजच परवडत नाही.

"विठाबाई आज काय जाळते?" मी विचारलं.

"मिळेल तेव्हा रॉकेल. नाहीतर कापसाच्या पळकाट्या."

"मिळतं कवा?"

"आक्का, तू दौंडात दुप्पट देऊन घेतेस. तुझा लेक रेल्वेत आहे. जिला दुप्पट देता येत नाही ती रांगेतच उभी राहणार. मग रांग तरी खरी असू दे."

 मी एवढंच म्हणाले, की रिकाम्या पिंपापुढं खरी रांग लावून काय चाटायचंय? तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग स्वतःच चहा केलास आणि कप माझ्यापुढं आपटलास. तुझी माफी अशीच असायची.

आणि रांग तरी कसली! माणसांची नाहीच. पोपटशेटच्या ओट्यापासून पिंपळापर्यंत नुसत्या बाटल्या. पिंप येणार कधी कोणाला ठाऊक नाही, बायकांना कामं आहेत, म्हणून प्रत्येकीनं आपली रिकामी बाटली रांगेत ठेवायची आणि घरी जायचं. कोणाच्या बाटलीला चिंधी, कोणाच्या गळ्याला सुतळी, कोणाला चुन्याची रेघ. तुझ्या बाटलीला निळा दोरा. दुसरीची बाटली कोणी हलवायची नाही. स्वतःची उचलली की जागा गेली. नियम तूच घालून दिला होतास आणि तो पोरं-कुत्रीसुद्धा पाळत होती. दौंडात मी हे सांगितलं तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बायका हसल्या. त्यांच्याकडं यार्ड होतं.

यार्डातलं तुला मी कधी नीट सांगितलं नाही. तुला कळलं असतं तर तू माझ्या घरचं पाणी प्याली नसतीस. वाघिणी रिकाम्या केल्या तरी तळाला थोडं राहतंच. ते खलाशी, म्हणजे यार्डातले मजूर, निथळून डब्यात काढतात आणि विकतात. आमच्या ह्यांच्या बरोबरीचा बाबू खलाशी मला देई. हे गेल्यावर तो दर महिन्याला येऊन विचारून जाई, वहिनी काय लागतं का. मी रॉकेल मागे. तो दुकानापेक्षा जास्त घेई, पण देई. कधी नाही म्हणाला नाही. चोरीचा माल होता हे मला कळत होतं. मी चौथी शिकले, पण एवढं कळतं. सरकारी भावात मिळत नाही, चोरीच्या भावात मिळतं, मग मी चोरीचं घेते, असा माझा हिशोब होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

नाताळच्या सात दिवस आधी तुझं पत्र आलं. तू लिहिलं होतंस, यंदा करंज्या होणार नाहीत, बाटली अकरा दिवस रांगेत आहे, पळकाट्यांच्या धुरानं डोळे गेलेत, वह्या तपासता येत नाहीत. तू कधी तक्रार करणारी नव्हेस.

आई गेली तेव्हा मी दहाची आणि तू चारची. मिशनच्या शाळेत दोघींना बसवायची सोय बाबांकडं नव्हती, घर कोणी बघायचं म्हणून मी चौथीतून उठले आणि पुढं तू बसलीस. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगते. तू फायनल पास झालीस त्या दिवशी निकालाचा कागद मी सबंध आळीत फिरवला होता, वाचता येणाऱ्यालाही आणि न येणाऱ्यालाही. पुढं हे गेले, तेव्हा तू शाळेची रजा टाकून महिनाभर माझ्याकडं राहिलीस. सांत्वन वगैरे काही केलं नाहीस. रोज संध्याकाळी मला पाटी घेऊन बसवायचीस आणि जोडाक्षरं गिरवायला लावायचीस. मला राग यायचा. नवरा गेलेल्या बाईला कोणी जोडाक्षरं शिकवतं? आज हे जे लिहिते आहे ते त्याच जोडाक्षरांवर. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. तू नसतीस तर त्या महिन्यात मी विहीर बघितली असती.

तर पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी यार्डात बाबूकडं गेले. म्हटलं, बहिणीला पाहिजे, मोठा डबा दे. तो म्हणाला, "वहिनी, डबा भरायला अजून थोडं कमी हाय, थांबा." आणि पलीकडच्या वाघिणीखालची बादली त्यानं त्याच डब्यात ओतली.

यार्डात पेट्रोलच्याही वाघिणी येतात, म्हणून तिथल्या बायकांना एक परीक्षा ठाऊक असते. तळहातावर थेंब घ्यायचा. रॉकेल असेल तर तेलकट राहतं. पेट्रोल असेल तर हात गार पडतो आणि थेंब उडून जातो. मी ती परीक्षा कधी चुकवली नव्हती. त्या दिवशीही केली. हात गार लागला. पण डिसेंबरची पहाट होती, यार्डात लोखंडालासुद्धा हात लावता येत नव्हता, हात आधीच बर्फ झाला होता. मला वाटलं, थंडीचं आहे. थेंब पदराला पुसला आणि डब्याचं झाकण मेणानं बंद केलं.

एवढंच. सगुणा, याच्यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही. मी थंड हाताला थंडी समजले.

एस.टी.त डबा गोणपाटात बांधून पायाशी ठेवला. कंडक्टर दोनदा येऊन हुंगून गेला.

"मावशी, काय हाय ह्यात?"

"काकवी."

"काकवीला राकेलचा वास?"

"उसाला काय घालत्यात ते कारखान्यावाल्यांना इचार. मी काय ऊस लावलाय?"

सबंध गाडी हसली. त्यानं तिकीट फाडलं आणि गेला. इनामगावापर्यंत लोक मला काकवीवाली मावशी म्हणत होते. मी खुशीत होते. तुझ्यासाठी काहीतरी घेऊन चालले होते, आणि तुझ्या तत्त्वाला फसवून चालले होते. खरं सांगायचं तर त्या दुसऱ्याचीही थोडी मजा वाटत होती.

शिरूरला उतरले तेव्हा तू शाळेत होतीस. मी आधी पोपटशेटच्या ओट्याकडं गेले. रांगेत निळ्या दोऱ्याची बाटली शोधली आणि उचलली. पोपटशेट गल्ल्यावर होता, त्यानं बघितलं. घरी येऊन मी ती बाटली भरली. उरलेला डबा पलंगाखाली पोत्यात लपवला. तू आलीस, फळीवर बाटली बघितलीस आणि तुझा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"पिंप आलं?"

"आलं. मी नेमकी तिथं व्हते."

"पाटीच्या भावानं दिलं?"

"पाटीच्या भावानं."

"बघ! मी म्हणत होते ना? धीर धरला की येतं." तू बाटली उजेडासमोर धरलीस. "आक्का, तू हरलीस."

"हरले," मी म्हणाले.

आपलं भांडण संपलं ते असं, खोट्यावर. तू जिंकून झोपलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टोव्हमध्ये ती बाटली रिकामी केलीस, काकडा पेटवलास, पंप मारलास.

दवाखान्यात पहिल्या दिवशी तुला बोलता येत होतं. फौजदार जबाब घ्यायला आले. मी कोपऱ्यात बसले होते, भाजलेले दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले. त्यांनी विचारलं, बाई, रॉकेल कुठलं? तू म्हणालीस, "पोपटशेटकडचं. रांगेतल्या बाटलीतलं. माझी बहीण घेऊन आली." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तू पुढं काय म्हणालीस ते माझ्या कानात बसलं आहे. "साहेब, रांगेतल्या बाकीच्या बाटल्या आधी उचला. त्याच पिंपातून भरल्या असतील. कोणी तरी स्टोव्ह पेटवील."

स्वतः अशी पडलेली आणि तुला बाकीच्या बाटल्यांची काळजी. बाकीच्या बाटल्या रिकाम्या होत्या, सगुणा. सगळ्या. त्यांना कशाची भीती नव्हती.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तुला वाटेल मला तुरुंगाची भीती वाटली. मला साठ पार झालंय, तुरुंगात काय, तिथंही भाकरी थापतील. मला भीती वाटली ती तू तोंड फिरवशील याची. तुझे दोनच दिवस राहिलेत हे डॉक्टरनं मला दाराबाहेर सांगितलं होतं. ते दोन दिवस तू माझ्याशी न बोलता काढशील, आणि या वेळी चहा करायला उठणार नाहीस. एवढ्यासाठी मी गप्प बसले. पोपटशेटचा गळा तुझ्या उशाखाली दाबून धरला आणि त्या बांधलेल्या हातांनी तुला चमच्यानं पाणी पाजत राहिले.

तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, "करंज्या झाल्या का?" मी म्हटलं, झाल्या. हेही खोटं. तू म्हणालीस, "विठाबाईला दे." मग काही बोलली नाहीस.

पोपटशेटला त्याच दिवशी धरून नेलं होतं. दुकानाला सील लागलं. गज लावला तर पिंप कोरडं निघालं, तर म्हणाले बघा, सगळा माल काळ्या बाजारात विकला. भरलेलं निघालं असतं तर म्हणाले असते, बघा, साठा केला.

परवा आप्पांनी बाजारपेठेत तुझी शोकसभा ठेवली. तुझा फोटो मोठा करून आणला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. स्टेजवर दोन पेट्रोमॅक्स बत्त्या जळत होत्या. त्या कुठल्या तेलावर जळतात असं कोणी विचारलं नाही. आप्पा बोलले. काळाबाजारवाल्यानं आमच्या बाईचा बळी घेतला, म्हणाले. बाईंची शपथ आहे, भाव एका पैशानं वाढू देणार न्हाई, म्हणाले. समोर त्याच बायका होत्या. त्या रडत होत्या. मग आप्पांनी मला हाताला धरून उभं केलं आणि म्हणाले, "आक्का, दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "राकेल मी आणलं. दौंडच्या यार्डातनं. चोरीचं व्हतं. त्यात पेट्रोल व्हतं. पोपटशेटनं मला थेंब दिला न्हाई, कारण त्याच्याकडं थेंब नव्हता. आन् थेंब नव्हता कारण त्याला आणायला परवडत नव्हतं. ते तुमी आन् माझ्या भनीनं मिळून ठरवलं व्हतं."

मला वाटलं होतं लोक दगड मारतील. विठाबाई उठली, स्टेजवर आली, माझ्या खांद्यावर पदर सारखा केला आणि लोकांना म्हणाली, "दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय. घरी नेते तिला."

आप्पा म्हणाले, "न्या, न्या. लई सोसलंय त्यांनी." आणि पुन्हा बोलू लागले.

वाटेत मी विठाबाईला विचारलं, "खरं वाटत न्हाई व्हय तुला?"

ती म्हणाली, "वाटतंय. पण मग बाईंनी कशासाठी घंटा वाजवली आक्का? आमी कशासाठी गेलो?"

ह्याचं उत्तर मी रात्रभर शोधत होते. तू असतीस तर तुला सुचलं असतं. तू म्हणाली असतीस, गरिबाला परवडेल असा भाव मागणं चूक नाही. ते खरं आहे. मीही म्हणते खरं आहे. पण तो भाव पाटीवर लिहून घेतला आणि त्या भावानं माल कोण आणणार हे कोणी विचारलं नाही. तू विचारलं नाहीस, मामलेदारांनी वर विचारलं नाही, आणि आप्पांना विचारायचंच नव्हतं. त्यांना पाटी पुरत होती. मग माल ज्या वाटेनं यायचा त्या वाटेनं आला. बादलीतून, गोणपाटातून, माझ्या हातून. मी तुझ्यापेक्षा शहाणी होते असं म्हणत नाही. मी शहाणी असते तर हात शेकून मग थेंब घेतला असता.

काल सकाळी मी पोलीस चौकीत गेले. दुकानावरून जावं लागतं. सील तसंच आहे, पाटी तशीच आहे, भाव तोच आहे. बाटल्यांची रांगही आहे, दुकान बंद असून. तुझ्या जागी विठाबाईची बाटली सरकली आहे. ते बरोबर आहे. उचलली की जागा गेली.

चौकीत पोपटशेट भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठून उभा राहिला.

"बाटली उचलताना मी तुमाला बघितलं व्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कटाळून नेली."

"सांगितलं न्हाई का यांना?"

"पयल्या दिवशीच सांगितलं. दुकानदाराचं कोण ऐकतंय, बाई?" मग म्हणाला, "तुमची भन मला लई बोलायची. पण एकदा माझ्या पोरीची फी तिनं माफ करून घेतली व्हती. तिच्या मरणाचं माझ्या डोक्यावर नको व्हतं. बाकी काय बी चाललं असतं."

मी त्याच्या पाया पडायला वाकले. तो मागं सरकला, भिंत होती म्हणून तेवढाच सरकला.

फौजदारांना शोकसभेतलं कळलेलं होतं. ते आधी मला परत पाठवू बघत होते. "आजी, निवडणूक तोंडावर आहे, तुम्ही कशाला यात पडता? चार दिवसांनी त्याला जामीन होईलच." मी पोत्यात बांधून नेलेला डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, तळहातावर थेंब घ्या. त्यांनी घेतला. खिडकीतून ऊन येत होतं, हात कोमट होता, तरी थेंबाखाली गार पडला. त्यांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हवालदाराला कागद आणायला सांगितलं.

यार्डातल्या माणसाचं नाव मी दिलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर जे काय लावायचं ते लावा. तेवढं एक तुला पटणार नाही, मला माहीत आहे. बाबूला मी जाऊन सांगितलं तेव्हा तो यार्डात रुळावर बसला आणि उठेना. त्याला आणखी काय करायचं?

बाकी सगळं मी सांगितलं. डबा, मेण, एस.टी., बाटली, निळा दोरा. तू जबाबात सांगितलंस ते आणि मी मान हलवली ते. हवालदार लिहीत होता. डावा हात अजून बांधलेला आहे, उजव्या हाताची बोटं धड वळत नाहीत, तरी अंगठा देणार नाही म्हटलं, सही करते. जोडाक्षर चुकलं नाही.

सहीच्या आधी फौजदारांनी कागद वाचून दाखवला आणि एक जागा रिकामी राहिली होती ती भरायला घेतली.

"घटनेच्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

"दोघी भनी."

"त्यातलं वाचलं कोण?"

"मी."